गावच्या गटाला पैसे द्यायचे तर

गावातल्या सुताराने कपाट करायचं आणि बिल मात्र तालुक्याच्या फर्निचरवाल्याचं जोडायचं, हा व्यवहार मराठवाड्यातल्या कुठल्याही बचत गटाला, वाचनालयाला किंवा भजनी मंडळाला समजावून सांगावा लागत नाही. वीस-पंचवीस हजारांचं अनुदान मंजूर झालं की पहिली अडचण हीच. सुताराकडे जीएसटी नंबर नसतो. तो असायलाच हवा असंही नाही. माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत आणि सेवा देणाऱ्याची २० लाखांच्या आत असेल तर कायदाच त्याला नोंदणीतून मोकळं ठेवतो. खेड्यातल्या सुताराची उलाढाल या आकड्यांच्या आसपास तरी फिरकते का? पण टेबलामागचे साहेब म्हणतात, ‘पक्कं बिल आणा.’ मग दुकानदार बिल फाडून देतो, त्यावरचा कर आणि स्वतःचं काहीबाही कापून घेतो, उरलेलं सुताराच्या हातात पडतं. कपाट खरं, रक्कम जवळपास खरी, बिल खोटं.

ही खोटी नोंद कुणी पैसे खाण्यासाठी केलेली नसते, नियम पाळण्यासाठी केलेली असते. खरं नुकसान पुढे होतं. एकदा असं बिल फाईलला लागलं की तो गट मिंधा होतो. उद्या कुणी माहिती अधिकारात फाईल मागवली, कुणाशी वाकडं आलं, निवडणुकीत कुणाचं ऐकलं नाही, की ते बिल बाहेर निघतं. ज्याने खरोखर पैसे खाल्ले त्याची फाईल मात्र चकचकीत असते. त्याच्याकडे सगळी बिलं पक्की असतात, फक्त कपाट नसतं.

ग्रामपंचायत, पंचायत समिती, नगरपरिषद यांनी लोकांच्या गटांना द्यायच्या छोट्या रकमांचे नियम मुळातून बदलायला हवेत, असं माझं म्हणणं आहे ते यासाठी. नियमच नकोत असं मी म्हणत नाही. दारातले नियम कमी करा आणि चौकातले वाढवा. पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न थोडे असावेत. पैसे दिल्यानंतर गावाने विचारायचे प्रश्न भरपूर असावेत. आज नेमकं उलटं आहे. आधी पंधरा कागद, नंतर एक ‘उपयोगिता प्रमाणपत्र’, आणि त्या प्रमाणपत्रावर सही-शिक्का झाला की विषय संपला. गावात कुणाला पत्ताही नसतो की पैसे आले होते.

हे पैसे येतात कुठून, हेही पाहू. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. जिल्हा परिषदेच्या सेस फंडातले, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातले, २० टक्के समाजकल्याणाला जातात. आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झालं तेव्हापासून गावच्या आरोग्य समितीसाठी वर्षाला १० हजारांचा अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचा, निधी ठरला. शाळेला पटानुसार संयुक्त अनुदान येतं, ते शाळा व्यवस्थापन समितीने खर्चायचं. त्या समितीत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असतात. बचत गटांना ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून फिरता निधी मिळतो. वाचनालयांना १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली दर्जाप्रमाणे अनुदान मिळतं. एकेक रक्कम पाहिली तर किरकोळ, पण तांड्यावर किंवा वस्तीवर या दहा-वीस हजारांवर वर्षभराचं काहीतरी उभं राहतं किंवा बारगळतं.

रकमा छोट्या आहेत म्हणून त्यांच्याकडे कुणी नीट पाहिलंच नाही. कोटीच्या रस्त्यासाठी जी कार्यपद्धती आखली, तीच छाटून-छाटून दहा हजारांना लावली. दरपत्रकांचंच पाहा. तीन दुकानांतून तीन दर आणायचे आणि सर्वांत कमी दरवाल्याकडून घ्यायचं, असा नियम. कल्पना चांगली आहे. मोठ्या खरेदीत तिचा उपयोगही होत असेल. पण सतरंज्या आणि ढोलक घ्यायला निघालेल्या महिला मंडळाला तालुक्याच्या गावी अशी किती दुकानं सापडणार? मी एका गटाची फाईल चाळली होती, त्यात तीन लेटरहेड होती आणि अक्षर एकच. दुकानदाराने आपलं, भावाचं आणि मेहुण्याचं अशी तिन्ही दरपत्रकं एकाच बैठकीत, एकाच निळ्या पेनने लिहून दिली होती. भावाच्या दरात प्रत्येक नगामागे पन्नास रुपये जास्त, मेहुण्याच्या दरात ऐंशी. गटाच्या अध्यक्षबाईंना मी विचारलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘ऑफिसातूनच सांगितलं की, दोन कागदावर रेट जास्तीचा दिसाया पाहिजे.’ त्यांना यात काही लपवण्यासारखं वाटलंच नाही. का वाटावं? अर्ज करायला फोटो लागतो तसा हाही एक लागणारा कागद.

अशा कागदाने कुणाला पकडता येत नाही. उलट कागद जमवण्याचा एक धंदा उभा राहतो. तालुक्याला प्रत्येक पंचायत समितीच्या समोर झेरॉक्सची दोन-तीन दुकानं असतात. तिथे अर्ज, ठराव, हमीपत्र, दरपत्रक, पूर्णत्वाचा दाखला असा सगळा संच तयार मिळतो. नाव आणि गाव घातलं की झालं. हमीपत्राला शंभरचा स्टॅम्प लागायचा, तो ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झाला. पंधरा हजारांच्या अनुदानासाठी पाचशेचा स्टॅम्प, टायपिंग, दोन-तीन खेपांचं एसटीभाडं आणि बुडालेली मजुरी. हातात काय उरतं याचा हिशेब कुणी करत नाही, कारण तो खर्च कुठल्याच रकान्यात बसत नाही.

त्यात आणखी एक भर पडली. २०१६ च्या अखेरीस शासनाने ठरवलं की वैयक्तिक लाभाच्या योजनांमध्ये वस्तू वाटायच्या नाहीत, पैसे थेट खात्यात द्यायचे. शिलाई मशीन आणि पिठाच्या गिरण्यांच्या खरेदीत जे घोळ होत, ते पाहता हा निर्णय योग्यच होता. मात्र व्यवहारात त्याचा अर्थ झाला ‘आधी तुम्ही घ्या, बिल दाखवा, मग पैसे जमा होतील’. हीच सवय पुढे गटांच्या अनुदानालाही लागली. ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसे आहेत, त्यालाच मदत मिळणार! पारधी वस्तीवरचा किंवा तांड्यावरचा गट पंचवीस हजार कुठून आणणार? सावकाराकडून, महिना शेकडा तीन-चारने. बिल मंजूर व्हायला सहा महिने लागले तर व्याजच चार-सहा हजारांच्या घरात जातं. अनुदान घेऊन कर्जबाजारी झालेला गट पाहायचा असेल तर फार लांब जावं लागत नाही.

पैसे आधी द्यावेत म्हटलं की कार्यालयातून ठरलेलं उत्तर येतं: ‘पळून गेले तर?’ वीस हजार रुपये घेऊन एखादा महिला बचत गट नेमका कुठे पळून जाणार आहे, हे मला कधीच कळलेलं नाही. त्या बायकांची घरं, शेतं, सोयरीक सगळं त्याच गावात आहे. आणि बँकेला ही भीती का वाटत नाही? नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नोंदणी नसलेल्या गटांनाही बचत खातं उघडू दिलं. आज त्याच नोंदणी नसलेल्या गटांना बँका १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज देऊ शकतात. बँक काय बघते? पंचसूत्री. बैठक नियमित आहे का, बचत नियमित आहे का, आपसांत कर्ज फिरतं का, परतफेड होते का, वही लिहिली जाते का. पाचही प्रश्न गट गेलं वर्षभर कसा वागला याबद्दलचे आहेत. नोंदणीचा दाखला त्यात नाही, दरपत्रक नाही, आमदारांचं शिफारसपत्र नाही. नफा-तोटा बघून चालणारी बँक जेवढा विश्वास टाकते, तेवढासुद्धा लोकांनी निवडून दिलेल्या संस्थेने टाकू नये, हे विचित्र आहे.

नोंदणीचं तर वेगळंच आहे. सोसायटी नोंदवायची तर १८६० चा कायदा, किमान सात माणसं, घटना, मग धर्मादाय आयुक्तांकडे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंद. त्यापुढे दरवर्षी हिशेबपत्रकं, कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट. तो मंजूर व्हायला किती वर्षं लागतात हे ज्याने भोगलं त्याला विचारा. गावातली पोरं ग्रंथालय चालवतात, त्यातलं एक पुण्याला नोकरीला जातं, एकीचं लग्न होतं, आणि कागदावर कार्यकारिणी मात्र जुनीच. ‘नोंदणीकृत आणि तीन वर्षं जुनी संस्था’ ही अट घातली की अशी पोरं बाहेर राहतात. आत कोण राहतं? मराठवाड्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको. प्रत्येक पुढाऱ्याच्या घरात दोन-तीन संस्था असतात, एक बायकोच्या नावाने, एक वडिलांच्या स्मृतीची, आणि त्या सगळ्या नोंदणीकृत असतात, जुन्या असतात, त्यांचे चेंज रिपोर्ट मंजूर असतात, सीएने सही केलेला ताळेबंद फाईलला लावून तयार असतो. नियम जितके कडक तितकी यांची सोय अधिक, कारण त्यांच्या ऑफिसात पगारी कारकून आहे आणि महिला मंडळात तो नाही.

आता तारखांकडे येतो, कारण मराठवाड्यापुरता हा सर्वांत मोठा अन्याय आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या तळावर खोपटं टाकायची आणि गळीत हंगाम संपला की गुढीपाडव्याच्या मागेपुढे परत यायचं. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च गावात म्हातारी माणसं, काही मुलं आणि कुलूपबंद घरं. आता सरकारी वर्ष पाहा. तरतूद होते एप्रिलमध्ये, मार्गदर्शक सूचना येतात पावसाळ्यात, अर्ज मागवतात दिवाळीनंतर, मंजुरी जानेवारी-फेब्रुवारीत, आणि पैसे येतात मार्चमध्ये; ३१ मार्चच्या आत खर्च नाही झाला तर परत. ज्या गटाच्या अध्यक्ष आणि सचिव दोघीही फडावर ऊस तोडतायत, त्यांची सही कोण घेणार? कधी गटाचे शिक्के आणि कोऱ्या चेकवरच्या सह्या आधीच घेऊन ठेवल्या जातात. त्या कुणाकडे ठेवल्या जातात, हे विचारायला नको.

ग्रामसभेचंही तेच. वर्षाच्या ठरलेल्या ग्रामसभांपैकी एक २६ जानेवारीची. नेमकी भर हंगामात. कोरम म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल ती. तोही भरला नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग पाच-सहा माणसं बसून, लाभार्थ्यांची यादी वाचून, सूचक-अनुमोदक घालून ठराव मंजूर. कायद्याने यात काही चुकीचं झालेलं नाही. पण ज्यांच्यासाठी पैसे आहेत ती अर्धी वस्ती त्या दिवशी गावात नाही, हे कुणालाही माहीत असतं.

मार्चच्या धावपळीला मी कुठल्या अधिकाऱ्याचा दुष्टपणा म्हणणार नाही. वरूनच पैसे उशिरा येतात. शाळांची गत याहून बिकट असते. ऑनलाइन प्रणालीत मर्यादा दिसते, ती चार दिवसांत वापरा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो, आणि मुख्याध्यापक कुठल्याशा दुकानातून खडू, डस्टर, हँडवॉश उचलून आणतात. गरज काय होती हा प्रश्न बाजूला पडतो. आरोग्य समितीच्या दहा हजारांना तर नावातच अबंधित म्हटलं आहे, आणि अनेक गावांत ‘अमुक वस्तू घ्या’ असा निरोप वरून येतो. समितीतल्या आशाताई निमूट घेतात. पुढच्या वर्षी तिथेच काम करायचं असतं ना.

या भागात ऊस तोडणाऱ्यांच्या कॅलेंडरप्रमाणे अनुदान द्यायला काय हरकत आहे? पाडवा ते दिवाळी हा काळ धरा. अर्ज एप्रिल-मे मध्ये, निर्णय १ मेच्या ग्रामसभेत किंवा तिच्यानंतर लगेच, पैसे पेरणीच्या आधी, हिशेब २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, माणसं निघण्याच्या आत. केंद्राच्या किंवा राज्याच्या निधीची तारीख ग्रामपंचायत बदलू शकत नाही, मान्य. पण स्वनिधी तर तिचाच आहे. घरपट्टी-पाणीपट्टीतून आलेल्या पैशाचं वाटप मार्चमध्येच करा असं कुणी सांगितलेलं नाही. ते मार्चमध्ये होतं कारण सगळंच मार्चमध्ये होतं.

चौकातल्या नियमांबद्दल आता. गावाला हिशेब ठेवता येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एखाद्या अखंड हरिनाम सप्ताहाच्या काल्याला जावं. वर्गणीची यादी देवळाच्या भिंतीला लावलेली असते. कुणाचे पाचशे एक, कुणाचं एक पोतं ज्वारी, कुणाच्या घरची एका दिवसाची पंगत. काल्याचं कीर्तन झालं की माईकवरून जमा किती, मंडपवाल्याला किती, कीर्तनकारांचं मानधन किती, आचाऱ्याला किती, शिल्लक किती आणि ती कुणाकडे, हे सगळं वाचलं जातं. कुणी उठून म्हणतो, ‘गॅसच्या टाक्या सात कशा, पाच आणल्या होत्या.’ दोन मिनिटं कालवा होतो, कुणीतरी खुलासा करतो, पुढे चालू. लाखांचा व्यवहार असतो आणि एकही दरपत्रक नसतं. चोरी होतच नाही असं नाही, पण ती करायला अख्ख्या गावासमोर खोटं बोलावं लागतं, आणि ते तीन लेटरहेड जमवण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

सप्ताहाचे दोष मला माहीत आहेत. वर्गणी कुणाची आधी वाचली जाते, पंगतीत कोण कुठे बसतं, हिशेब विचारण्याची हिंमत कोणत्या आळीतला माणूस करतो, यात जात आहे आणि ती ठळक आहे. जाहीर वाचनाने सगळं सरळ होईल, असं म्हणणारा माणूस खेड्यात राहिलेला नसावा. बौद्धवाड्यातल्या महिला मंडळाला मिळालेल्या पंधरा हजारांचा हिशेब मारुतीच्या पारावर, गावातल्या दादांच्या समोर मागितला गेला, तर ती पारदर्शकता न राहता दडपण होतं. चौकातल्या नियमावर जो आक्षेप मी गांभीर्याने घेतो तो हाच. कार्यालयाचे बाकीचे आक्षेप बहुतेक ऑडिटच्या भीतीतून आलेले असतात.

त्यावर माझ्यापुरतं उत्तर असं की हिशेब ज्यांच्यासाठी पैसे आहेत त्यांच्यात वाचावा. वस्तीचा निधी वस्तीत, तांड्याचा तांड्यावर, बायकांच्या गटाचा महिला ग्रामसभेत. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी असं कायद्यातच आहे, बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरवर होते एवढंच. आणि वाचन दोन्ही बाजूंनी व्हावं. गटाने पंधरा हजारांचा हिशेब वाचायचा तर त्याच बैठकीत ग्रामपंचायतीनेही सांगावं की मागासवर्गीयांच्या १५ टक्क्यांतून यंदा किती निघाले, किती कुणाला दिले आणि किती पडून आहेत. गटांकडून पैशापैशाचा हिशेब घेणाऱ्या संस्था स्वतःचा हा आकडा सांगायला सहसा तयार नसतात. खरं तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अनुदान कुणाला किती दिलं हे कुणी न मागता जाहीर करायचं असतं. २००५ पासूनचा कायदा आहे. तुमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ही यादी लावलेली असेल तर तुमचं गाव भाग्यवान.

मराठवाड्यात हे कधी झालंच नाही असं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, त्याबद्दल सगळे बोलतात. त्याच्या भोवतीच्या शेकडो गावांत घरं पडली नव्हती पण तडकली होती, तिथे दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम झाला, तो आता विस्मरणात गेला आहे. तिथे पैसे ठेकेदाराला न देता घरमालकाला हप्त्याहप्त्याने दिले आणि एका टप्प्याचं काम दिसलं की पुढचा हप्ता. लोकांना नियम समजावून सांगायला आणि अडलेली कामं वर कळवायला गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या. त्या काळात लातूर-उस्मानाबादच्या खेड्यातली बाई इंजिनिअरला ‘लिंटल पट्टीत सळई कुठंय’ असं विचारायला लागली, ही त्या कार्यक्रमातली दगड-सिमेंटापेक्षा मोठी गोष्ट होती. हप्ता थांबवण्याचा अधिकार होता, म्हणून तपासणीला अर्थ होता. आणि पहिला हप्ता आधी मिळत होता, म्हणून गरिबाला काम सुरू करता येत होतं. एवढ्या मोठ्या संकटात, कच्च्या तयारीनिशी जे जमलं, ते ढोलक-सतरंजीच्या अनुदानात का जमू नये?

मग नियम कसा असावा? माझ्या मते ५० हजारांपर्यंतच्या रकमेला नोंदणीची अट नसावी. किमान वर्षभर चाललेली बैठकीची वही आणि बँकेत गटाच्या नावाचं खातं पुरे. खात्यावर तीन सह्या, तिघी एका घरातल्या नसाव्यात, आणि तिघींपैकी कुणी हंगामाला जाणार असेल तर तिच्या जागी कोण हे आधीच वहीत लिहिलेलं असावं. अर्ज एका पानाचा, मराठीत, आणि त्यात काय करणार एवढंच विचारलेलं. शिफारसपत्र जोडलं तर अर्ज बाद, असा नियम केला तर मला फार आनंद होईल, पण तेवढी आशा मी बाळगत नाही. सत्तर टक्के पैसे आधी, उरलेले काम दिसल्यावर. सुताराने, गवंड्याने, शिंप्याने सही किंवा अंगठा करून दिलेली साधी पावती चालावी, तिच्यासोबत वस्तूचा फोटो. दरपत्रकं नकोत, त्याऐवजी काय घेतलं, कुणाकडून, किती रुपयांना, हे ग्रामपंचायतीच्या आणि वस्तीतल्या समाजमंदिराच्या भिंतीवर वर्षभर लिहिलेलं असावं. भाव जास्त लावला असेल तर गावच सांगेल, गावाला बाजारभाव ऑफिसपेक्षा नीट माहीत असतात.

आणि एका बाबतीत मात्र नियम आजच्यापेक्षा कडक हवा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये, ज्या सदस्याचा पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध आहे तो अपात्र ठरतो. ठेकेदारी करणाऱ्या सदस्यांवर या कलमाचा बडगा अधूनमधून उगारला जातोही. गटाच्या अनुदानाला हीच कसोटी उघडपणे लावली पाहिजे. सरपंचाची बायको अध्यक्ष असलेल्या गटाने अर्ज करू नये असं मी म्हणणार नाही, छोट्या गावात प्रत्येक जण कुणाचा तरी कुणीतरी असतो. पण ते नातं अर्जावर लिहायचं आणि तो विषय निघेल तेव्हा सरपंचाने सभेतून उठून बाहेर जायचं. नातं लपवलं तर गटाला पुढची तीन वर्षं अनुदान नाही आणि सदस्यावर कारवाई. दहा गटांमागे एक गट चिठ्ठी काढून निवडायचा आणि त्याची वही, वस्तू, खातं सगळं उलटंपालटं करून तपासायचं. सगळ्यांची वरवर तपासणी करण्यापेक्षा एकाची कसून केलेली बरी, कारण चिठ्ठी कुणाची निघेल हे आधी माहीत नसतं.

नकार दिला तर कारण लेखी द्यावं, तेही ठरावीक दिवसांत. राज्यात लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे. दाखल्यांना तो लागू होतो, तसा या अर्जांनाही करता येईल. याचं महत्त्व गेल्या काही वर्षांत जास्त जाणवलं. मार्च २०२२ मध्ये मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. छत्रपती संभाजीनगरच्या महापालिकेत तर एप्रिल २०२० पासूनच. सदस्य असतात तेव्हा निदान भांडायला एक माणूस असतो. प्रशासकाच्या काळात अर्ज कुठल्या टेबलावर पडून आहे हेही कळत नाही, आणि ‘निधी नाही’ एवढं तोंडी उत्तर घेऊन माणूस शेवटची एसटी पकडतो.

ऑडिटचा प्रश्न उरतो. ग्रामपंचायत अधिकारी खासगीत म्हणतात की आम्हाला हे सगळं पटतं, पण स्थानिक निधी लेखापरीक्षेत पॅरा, म्हणजे आक्षेप, निघाला तर वसुली आमच्या पगारातून होते. त्यांची भीती खरी आहे. साध्या पावतीवर पैसे दिल्याबद्दल निवृत्तीच्या तोंडावर वसुलीची नोटीस आलेला माणूस पाहिला की कुणीही पक्क्या बिलाचा आग्रह धरेल. त्यामुळे नुसता ग्रामपंचायतीचा ठराव पुरणार नाही. ग्रामविकास विभागाने शासन निर्णय काढून सांगावं लागेल की अमुक रकमेपर्यंत साधी पावती, फोटो आणि वस्तीतल्या सभेचं इतिवृत्त हाच पुरेसा पुरावा, आणि लेखापरीक्षकाने तेवढंच पाहावं. पक्कं बिल नाही म्हणून पॅरा निघणार नाही. सभा झाली नाही, भिंतीवर यादी नाही, म्हणून मात्र निघेल. असा एक कागद निघाला तर बाकीचे दहा आपोआप गळून पडतील.

पन्नास हजारांची मर्यादा काहींना जास्त वाटेल. काही मित्र म्हणतात लाखापर्यंत जा, बँक दहा लाख देते तर. मी पन्नासवर थांबतो. त्यापुढच्या रकमेवर गावातल्या दादांची नजर पडते, आणि मग गट बायकांचा राहत नाही. सुरुवातीची दोन वर्षं डोंगरपट्ट्यातल्या एखाद्या तालुक्यात एवढ्यावर करून बघावं, ऊसतोडीच्या कॅलेंडरप्रमाणे. रक्कम वाढवायची की नाही हे त्या तालुक्यातल्या गटांच्या वह्या बघून ठरवता येईल.